कूलर निघाला आणि गच्चीच्या दाराचा सेन्सर गप्प झाला

नागपुरात पाऊस नीट लागला की कूलर खिडकीतून निघतो, तसा जुलैत आमचाही निघाला, टाकी धुऊन पालथी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीच्या दारावरचा झिगबी सेन्सर (झिगबी म्हणजे घरातली छोटी यंत्रं बिनतारी जोडायची पद्धत) बोलेचना. सेल नवा, जागा तीच. दोन दिवसांनी लक्षात आलं की कूलरचा स्मार्ट प्लगसुद्धा कूलरसोबत माळ्यावर गेला आणि सेन्सरचा निरोप त्या प्लगमार्फतच पुढे जात होता. शेजारचे भाऊ म्हणाले, अरे मेश आहे ना, म्हणजे यंत्रं एकमेकांचे निरोप पुढे देतात, मग त्यानं दुसरा रस्ता का नाही पकडला बे? प्रश्न अगदी बरोबर आहे, पण त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

मेश सुरू झालं तेव्हा बटण सेलवर चालणारं यंत्र कोणाच्या डोक्यातच नव्हतं. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेनं १९७३ मध्ये पॅकेट रेडिओचं, म्हणजे निरोपाचे तुकडे करून रेडिओवरून पाठवायचं, काम सुरू केलं, ते रेडिओ व्हॅनमधून फिरायचे आणि प्रत्येक रेडिओ दर ७.५ सेकंदांनी 'मी इथे आहे' अशी हाक द्यायचा. मग लॅपटॉप आले. १९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि आपले प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही ही रस्ता ठरवायची पद्धत मांडली, त्यात प्रत्येकाकडे सगळ्या रस्त्यांचा तक्ता कायम तयार असायचा. १९९९ मध्ये पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांचं एओडीव्ही आलं: गरज पडली तरच विचारा, विचारणा सगळीकडे पसरते आणि उत्तर आलेल्या वाटेनं परत येतं. झिगबीचं पहिलं स्पेसिफिकेशन २००४ चं, आणि त्यानं राउटिंग (निरोपाचा रस्ता ठरवणं) उचललं ते या एओडीव्हीवरूनच.

पण खरी अडचण इथेच होती, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेडिओला पाठवायला जेवढा करंट लागतो जवळपास तेवढाच नुसतं ऐकत बसायलाही लागतो. त्या काळच्या चिपला ऐकताना साधारण २० मिलीअँपिअर लागायचे, सीआर२०३२ या बटण सेलमध्ये असतात २२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे कान उघडे ठेवून बसला तर सेल ११ तासांत संपला. वर्ष-दोन वर्षं चालवायचं तर सेन्सरला जवळजवळ सगळा वेळ झोपावंच लागतं, आणि जो झोपलाय तो दुसऱ्याचा निरोप पुढे कसा देणार?

म्हणून घरातले दोन गट पडले. लाइटीवर चालणारे प्लग, बल्ब वगैरे जागे राहून राउटर, म्हणजे निरोप पुढे देणारे, होतात. सेलवाला सेन्सर रस्ता निवडतच नाही, तो फक्त एक पालक निवडतो. जोडताना आसपास कोण आहे विचारतो, सिग्नल कोणाचा चांगला आणि कोणाकडे जागा आहे ते बघतो, आणि त्यालाच धरून बसतो. त्याच्यासाठी आलेले निरोप पालक थोडा वेळ सांभाळतो, सेन्सर मधूनमधून उठून 'माझं काही आहे का' विचारतो. पुढचा रस्ता पालकानं बघायचा: प्रत्येक टप्प्याला १ ते ७ अशी किंमत, आणि ज्या वाटेची बेरीज कमी ती वाट.

झिगबीसारख्याच डेन्मार्कच्या झेड-वेव्ह पद्धतीनं वेगळा मार्ग धरला, तिथे मुख्य यंत्र, म्हणजे कंट्रोलरच, रस्ता ठरवून निरोपासोबत पाठवतो, मधे निरोप पुढे देणारे जास्तीत जास्त चार. २०१४ पासूनच्या थ्रेड या तिसऱ्या पद्धतीमध्ये जागे राउटर ३२ पर्यंत असतात, पण झोपणारा सेन्सर तिथेही पालकालाच धरून असतो.

पालक गेल्यावर दुसरा कधी शोधायचा हे मात्र बनवणाऱ्यावर असतं, कारण शोधण्यातही सेल खर्च होतो. काही सेन्सर लगेच शोधतात, आमच्या सेन्सरसारखे काही बसून राहतात. मी तो बटण दाबून पुन्हा जोडला, जिन्यातल्या बोर्डावर एक प्लग कायमचा लावला आणि त्या बोर्डाच्या बटणावर चिकटपट्टी मारली, कारण आई रात्री झोपायच्या आधी जिन्यातली सगळी बटणं बंद करते.