अराजकीय माणसाचे वजन

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर लढवल्या जात नाहीत, त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या गावांत ‘आमचे पॅनेल राजकारणविरहित आहे’ असे सांगणे सोपे जाते. विकास सोसायटी, दूध संघ, गणेश मंडळ, गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या सर्व ठिकाणी हे वाक्य ऐकू येते आणि त्यामागे एक समजूत गृहीत असते: जो कोणत्याच बाजूचा नाही, त्याचा निकालावरचा परिणाम शून्य असतो. ही समजूत गणिताने आणि प्रयोगाने तपासता येते, आणि तपासल्यावर ती टिकत नाही.

त्याआधी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ‘अराजकीय’ म्हणून तीन अगदी वेगळ्या प्रकारची माणसे ओळखली जातात. शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही. तो मतदान करू शकतो, पण मत कोणाला दिले हे सूचित करू शकत नाही. त्याचे अराजकीय असणे हा पदाचा नियम आहे, मताचा अभाव नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे मत ठाम असते, पण व्यवसायासाठी किंवा भावकीतले संबंध जपण्यासाठी तो ते झाकून ठेवतो. तिसऱ्याला खरोखरच कोणताही कल नसतो. आसपासचे लोक जिकडे जातील तिकडे तो जातो. पुढचे विवेचन या तिसऱ्या माणसाविषयी आहे, कारण निष्प्रभ म्हणून त्यालाच सर्वांत आधी हिशेबातून वगळले जाते.

इयान कूझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘गोल्डन शायनर’ जातीच्या माशांपैकी काहींना निळ्या खुणेकडे आणि काहींना पिवळ्या खुणेकडे जाण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. या माशांना पिवळ्या रंगाचे उपजतच आकर्षण असते, त्यामुळे पिवळ्या गटाची ओढ अधिक तीव्र होती. निळ्या गटात सहा आणि पिवळ्या गटात पाच मासे ठेवल्यावर, संख्येने कमी असूनही पिवळा गट बहुधा सर्व थवा आपल्याकडे ओढून नेत असे. त्यानंतर थव्यात कोणतेही प्रशिक्षण न दिलेले मासे मिसळण्यात आले. त्यांना कोणत्याही खुणेकडे जायचे नव्हते. फक्त थव्यासोबत राहायचे होते. त्यांच्या येण्याने निकाल फिरला आणि निळ्या गटाचे बहुमत पुन्हा प्रभावी झाले. ज्यांना बाजूच नाही, त्यांनी कडव्या अल्पसंख्येची पकड सैल केली.

हे कसे घडते, ते कागदावर आकडेमोड करून पाहता येते. समजा, एका मोठ्या गावात 40 टक्के लोक ‘अ’ बाजूचे आणि 60 टक्के ‘ब’ बाजूचे आहेत आणि प्रत्येक जण रोज इतरांकडे पाहून आपली बाजू नव्याने ठरवतो. तो यदृच्छेने कोणा एकाचेच पाहून ठरवत असेल, तर ‘अ’ निवडण्याची शक्यता 40 टक्केच राहते आणि सरासरी प्रमाण जागचे हलत नाही. आता तो तिघांकडे पाहतो आणि त्यांच्यात जिचे बहुमत असेल ती बाजू घेतो, असे समजू. तिघेही ‘अ’चे असण्याची शक्यता 0.4 चा घन, म्हणजे 0.064 आहे, नेमके दोघे ‘अ’चे असण्याची शक्यता 3 × 0.4 × 0.4 × 0.6, म्हणजे 0.288 आहे. बेरीज 0.352 होते. म्हणजे एका दिवसात 40 चे 35 टक्के झाले. हेच सूत्र पुन्हा लावले की 28 टक्के, आणि त्यानंतर सुमारे 20. कोणीही प्रचार केलेला नाही, कोणाचेही मन वळवलेले नाही. केवळ एकाऐवजी तिघांकडे पाहण्याने बहुमताची आघाडी वाढत गेली. थव्यातला मासाही आजूबाजूच्या अनेकांच्या हालचालींना एकाच वेळी प्रतिसाद देतो, म्हणून त्याचे अनुकरण संख्येच्या बाजूने झुकते.

एकाचेच पाहणाऱ्यांच्या गावात मात्र विलक्षण गोष्ट घडते. तेथे काही माणसे हट्टी आहेत आणि आपली बाजू कधीच बदलत नाहीत, असे समजा. हट्टी माणूस एकच असेल, तर पुरेसा काळ गेल्यावर सर्व गाव त्याच्या मताचे होते, कारण इतर कोणतीही अवस्था कायमची टिकू शकत नाही. दोन हट्टी ‘अ’चे आणि एक ‘ब’चा असेल आणि कोणीही कोणाचेही पाहू शकत असेल, तर दीर्घ काळाच्या सरासरीने दोन तृतीयांश गाव ‘अ’कडे राहते. या उत्तरात गावाची लोकसंख्या कोठेही येत नाही. अनुकरण करणारे शंभर असोत वा लाख असोत, प्रमाण हट्टी माणसांच्या संख्येवरून ठरते. मला या गणितातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष हाच वाटतो: तटस्थ माणसे तीच असतात, पण ती एकाकडे पाहतात की अनेकांकडे, यावर त्यांचे वजन अल्पसंख्य हट्ट्यांच्या पारड्यात पडेल की बहुसंख्यांच्या, हे अवलंबून राहते.

माशांवरून माणसांची निवडणूक सांगता येत नाही, आणि तसा दावा कोणी केला तर तो स्वीकारू नये. माणसे जात, भावकी, पाण्याची पाळी आणि कर्ज यांचा विचार करतात. मासे तसा विचार करत नाहीत. शिवाय त्याच संशोधनातील गणिती प्रारूपात, कल नसलेल्यांची संख्या फार वाढली की बहुमताचाही प्रभाव ओसरतो आणि थव्याचा निर्णय केवळ गोंधळावर सोडला जातो. मात्र हे सर्व आकडे कोणालाही स्वतः पडताळता येतात. निवडणुकीच्या हंगामात उमेदवारांच्या कुंडल्या मांडून निकाल सांगणाऱ्यांच्या भाकितांना हा गुण नाही, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये.

अराजकीयतेचा आणखी एक वापर आमच्या भागात दर पावसाळ्यात होतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली, आणि तेव्हापासून ‘पुरात राजकारण आणू नका’ हे वाक्य सर्वच बाजू एकमेकांना ऐकवतात. या मागणीचा एक भाग रास्त आहे. कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा जलसाठा 519.60 मीटरवर असताना आणि तो 524.256 मीटरवर नेल्यास फुगवटा नदीत मागे कोठवर पोहोचेल, याचे समीकरण सांगलीत आणि विजयपुरात एकच असते. पात्राचा उतार, रुंदी, विसर्ग आणि तळाचा खडबडीतपणा यांना जिल्हा किंवा पक्ष नसतो. परंतु त्या समीकरणात पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर घालायचा की शंभर वर्षांतून एकदा येणारा, कोयनेत पावसाळ्याच्या मध्यावर किती जागा मोकळी ठेवायची, आणि त्यामुळे पुढे उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर ते कोणाच्या वाट्याचे कमी करायचे, हे समीकरण सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरते ते त्या निर्णयाच्या बैठकीला असतात की नसतात, यावर त्याचे उत्तर बदलते.