वऱ्हाड दोन वाटांनी निघालं तर

दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरच्या पोरांनी केलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचा व्हिडिओ मी सकाळी चढवत होतो. फेरीबोटीची वेळ झाली म्हणून फोन हातात धरूनच निघालो. आमचं गोव्यातल्या चोडण बेटावरचं घर जुनं, चिऱ्यांच्या जाड भिंतींचं, आणि राउटर आत सोप्यावर. पायऱ्या उतरलो तेव्हा आकडा 92 टक्क्यांवर होता. तुळशीपाशी तो थबकला. वाय-फायची एकच रेघ उरली होती, मोबाइलचं नेटवर्क मात्र भरभरून. फाटकाबाहेर पडलो आणि आकडा पुन्हा शून्यावर. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही वाय-फाय बंद करूनच चढवायला लावा बघू."

दोन्ही जोडण्या एकाच फोनात असताना एकीचं काम दुसरी का उचलत नाही? कारण जुनं आहे. इंटरनेटवर माहिती क्रमानं आणि न गळता पोचवणारा टीसीपी नावाचा नियम 1981 साली पक्का झाला. तेव्हा संगणक जागचे हलत नसत. त्यामुळे जोडणीची ओळख चार आकड्यांवर ठरली: दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दारांचे क्रमांक. वाय-फायवरून मोबाइल डेटावर आलात की तुमचा पत्ता बदलतो. पलीकडच्या सर्व्हरला वाटतं, हा कोणी नवाच आला. जुनी जोडणी तुटते, आणि अर्धवट काम पुढे नेण्याची सोय ॲपनं स्वतः केली नसेल तर सगळं पहिल्यापासून.

यावरचा तोडगा म्हणजे मल्टिपाथ टीसीपी. त्याचा पहिला नियम 2013 साली प्रयोग म्हणून आला, सुधारित नियम 2020 साली. जोडणी सुरू होतानाच दोन्ही टोकं गुप्त किल्ल्यांची देवाणघेवाण करतात. पुढे फोन दुसऱ्या पत्त्यावरून आला, तरी त्या किल्लीच्या आधारे 'मी तोच' हे सिद्ध करतो. मग एकाच कामाची पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, दोन्ही वाटांनी जाऊ शकतात. प्रत्येक वाटेची क्रमसंख्या निराळी आणि सगळ्या माहितीची मिळून एक, म्हणजे पलीकडे ती ओळीत लावता येतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गोम पुढे आहे. चोडणहून पणजीला लग्नाचं वऱ्हाड निघालंय असं धरा. निम्मी माणसं रायबंदरच्या फेरीनं गेली, निम्मी मये-डिचोलीवरून बसनं वळसा घालून. फेरीवाले केव्हाच पोचले, पण भटजी बसमध्ये. मुहूर्त खोळंबला. मांडवातल्या खुर्च्या भरल्या की फेरीनं आणखी माणसं पाठवून उपयोग काय? इथेही तसंच होतं. संथ वाटेवरचं एक पॅकेट मागे राहिलं की त्याच्या पुढची आलेली सगळी सर्व्हरच्या साठवणजागेत ताटकळतात, आणि ती जागा भरली की वेगवान वाटही थांबते. दोन वाटा मिळून एकीपेक्षा हळू! म्हणून पाठवणारा दर वाटेचा जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजत राहतो आणि बहुधा जलद वाट आधी भरतो. अडकलेल्या पॅकेटाची दुसरी प्रत तो जलद वाटेनं धाडू शकतो. भटजींची प्रत काढता आली असती तर कितीतरी मुहूर्त टळले नसते.

ॲपलनं 2013 साली सिरी या बोलक्या मदतनीसासाठी हे वापरलं, तेही वेगासाठी नव्हे, तर चालता चालता बोलणं तुटू नये म्हणून. दक्षिण कोरियात केटी कंपनीनं 2015 मध्ये एलटीई (4जी मोबाइल नेटवर्क) आणि वाय-फाय जोडून सेकंदाला 1.17 गिगाबिटपर्यंतच्या वेगाची जाहिरात केली. मला सिरीचा उपयोग जास्त शहाणपणाचा वाटतो. कारण दोन्ही रेडिओ सतत चालू ठेवले की बॅटरी उतरते आणि डेटा पॅकही.

शिवाय सर्व्हरलाही ही भाषा यावी लागते, आणि वाटेतली काही उपकरणं अनोळखी खुणा पुसून टाकतात. तसं झालं की जोडणी गुपचूप साध्या टीसीपीवर येते. म्हणूनच मोबाइल कंपन्यांच्या बाजूनं उपाय निघाला: 5जीच्या 2020 सालच्या मानकात वाहतूक वळवणं, बदलणं आणि वाटणं हे काम कंपनीच्या नेटवर्कमध्येच करण्याची तरतूद आहे. मग सर्व्हरला काही कळायची गरज उरत नाही.

हे सगळं माझ्या तुळशीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. यंदाचा नरकासुर मी सोप्यावर बसूनच चढवला, 100 दिसल्यावर चपला घातल्या, आणि फेरी चुकली.