फॉल्स सीलिंगच्या आत काय तापतं?

एलईडी दिवा थंड असतो, हे खालून बघणाऱ्यापुरतं खरं. हॅलोजन प्रकाशासोबत उष्णताही खाली फेकायचा, एलईडी तसं करत नाही. पण 9 वॅटच्या दिव्यातली जेमतेम तीन-साडेतीन वॅट ऊर्जा प्रकाशात जाते. बाकीची उष्णता पाठीवरच्या ॲल्युमिनियममधून वर, सीलिंगच्या पोकळीत शिरते.

फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड पेटत नाही, ही जमेची बाजू. शुद्ध जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा स्फटिकात अडकलेलं पाणीच असतं. आगीत आधी त्याची वाफ होते आणि बरीच उष्णता तिथेच खर्ची पडते. मात्र बोर्डातून उष्णता सहजी बाहेर पडत नाही, आत हवाही खेळत नाही. त्यात शेवटचा मजला आणि मे महिना असला, तर वरचा स्लॅब तापलेलाच. मग आधी दगा देतो तो बहुधा ड्रायव्हर, म्हणजे 230 व्होल्टचा एसी प्रवाह दिव्याजोगा करणारी डबी. तिच्यातल्या कपॅसिटरमधलं द्रव उष्णतेने हळूहळू आटतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे. म्हणून ही डबी दिव्याच्या डोक्यावर न ठेवता वायर पुरेल तितकी बाजूला सरकवावी. आवाज अडवायला वर ग्लासवूल टाकलं असेल, तर दिव्याभोवती मोकळी जागा हवीच. अमेरिकेत छतावर थंडीसाठी असा थर सर्रास असतो, त्यामुळे तो अंगावर चालेल असे दिवे तिथे वेगळे प्रमाणित होऊन मिळतात.

खरी भीती मात्र वायरींच्या जॉइंटची. असे दहा दिवे मिळून अर्धा-पाऊण अँपिअर घेतात. एखादा जॉइंट ढिला राहून ठिणग्या उडाल्या तरी 6 अँपिअरच्या एमसीबीला (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ता लागत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट म्हणूनच नको. टेपचा गोंदही उष्णतेने सुटतो. चांगला कनेक्टर आणि बंद डबी, एवढा खर्च वायरमनशी हुज्जत न घालता करावा.

दिव्यासाठी गोल भोक पाडणारी करवत, म्हणजे होल सॉ, लावण्याआधी मेन बंद करून बारीक भोक पाडावं आणि वाकवलेली तार आत फिरवून चॅनेल किंवा पाइप आडवा येतो का ते चाचपावं. सीलिंगच्या सांगाड्यातल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) चॅनेलच्या धारेने वायर सोलली गेली, तर सगळ्या सांगाड्यातच वीज उतरू शकते. त्यासाठी वायर पाइपातून न्यावी, सांगाड्याला अर्थिंग द्यावं आणि विजेच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असावी.

रात्री बटण बंद करूनही दिवा मंद मिणमिणतो? कधी ते बटणातल्या इंडिकेटरमुळे असतं, कधी शेजारून धावणाऱ्या वायरमुळे. पण कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, आणि तेव्हा दिवा ‘बंद’ असला तरी वर फेज पोचलेलीच असते. दिवा बदलताना बटणावर विसंबू नये, मेनच पाडावा.