एमपीएचला अर्ज करताना: नाशिककरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि वेळेचं गणित

थंडी सरायला लागली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, मी बीएस्सी नर्सिंग केलंय, मला एमपीएच करता येईल का?" "मॅडम, मी डॉक्टर नाही, एमएसडब्ल्यू आहे, मला घेतील का?" मी स्वतः ही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी तालुक्यांत पोषणाच्या कामावर असते. त्यामुळे ओळखीतल्या ओळखीत मुलं माझ्याकडे येतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. ऑनलाइन फॉर्म भरणं हे एका संध्याकाळचं काम आहे, कागद जमवायला मात्र तीन महिने लागतात. हुशार मुलांचे प्रवेश मार्कांमुळे हुकलेले मी फार कमी पाहिले, एखाद्या दाखल्यामुळे हुकलेले बरेच पाहिले. म्हणून सुरुवात फॉर्मपासून करू नका, फाइलपासून करा.

एमपीएच म्हणजे काय आणि कोणाला करता येतं

मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ ही दोन वर्षांची, चार सत्रांची पदव्युत्तर पदवी आहे. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण, आरोग्य व्यवस्थापन हे मुख्य विषय, त्याला जोडून क्षेत्रकार्य आणि शेवटी प्रबंध. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये यासाठी आदर्श अभ्यासक्रम काढला. प्रत्येक संस्था त्यात आपापली भर घालते.

एमडी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे ज्याला आपण पीएसएम म्हणतो, ते वेगळं. त्याला एमबीबीएस आणि नीट पीजी लागते. एमपीएचला नीट नाही. आणि एमपीएच केल्याने दवाखाना उघडण्याचा अधिकार मिळत नाही. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर दोन वर्षांनी आई विचारते की बोर्ड कधी लावायचा.

पात्रता बहुतेकांच्या समजापेक्षा मोकळी आहे. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, पशुवैद्यक हे तर आहेतच. पण अनेक संस्था विज्ञान, समाजकार्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा शाखांच्या पदवीधरांनाही घेतात. गुणांची अट बऱ्याच ठिकाणी ५० टक्क्यांच्या आसपास असते, राखीव प्रवर्गाला सवलत असते. काही संस्थांना कामाचा अनुभव हवा असतो. तुमची शाखा चालते की नाही हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं. मागच्या वर्षी मैत्रिणीला घेतलं होतं, हा पुरावा धरू नका.

अर्ज कुठे करायचा

आपल्या गावात, म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. १९९८ पासून राज्यभरची वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंगची महाविद्यालयं याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. या विद्यापीठाचा एमपीएच आहे, पोषणावरचा वेगळा एमपीएचही आहे, आणि प्रवेश त्यांच्या सामायिक परीक्षेतून होतो. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा आरोग्यशास्त्रांचा आंतरविद्याशाखीय विभाग आहे, तिथे विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण-अर्थशास्त्र-वित्त असे एमपीएचचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी आधी राष्ट्रीय चाचणी संस्थेची सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मग संस्थेचा स्वतःचा टप्पा असतो.

बाहेर जायची तयारी असेल तर तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचं अच्युत मेनन केंद्र आहे. देशातला एमपीएच १९९७ मध्ये तिथूनच सुरू झाला. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, चंदीगडचं पीजीआय आणि पुद्दुचेरीचं जिपमर हेही चांगले पर्याय आहेत. यांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळत नाहीत. सीयूईटी पीजीचा फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचा आणि परीक्षा मार्चच्या सुमारास, विद्यापीठांचे अर्ज उन्हाळ्यात, तर श्री चित्राचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. त्यामुळे तीन-चार ठिकाणी अर्ज करणाऱ्याने भिंतीवर कॅलेंडर लावून तारखा लाल पेनाने लिहाव्यात.

कागदपत्रं, आणि त्यातली खरी मेख

दहावी-बारावीची गुणपत्रकं, पदवीची सर्व सत्रांची गुणपत्रकं, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही. वैद्यकीय शाखेचे असाल तर इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि परिषदेची नोंदणी. नोकरीत असाल तर अनुभवाचं पत्र आणि कार्यालयाचं ना हरकत. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. ही यादी सगळ्यांना माहीत असते. अडतं ते खालच्या गोष्टींत.

पहिली गोष्ट नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, पदवीवर मधलं नाव गळालेलं असतं, आणि लग्न झालेल्या मुलीचं बँकेत भलतंच नाव असतं. माझं स्वतःचं एक वर्ष असंच गेलं असतं. एका कार्यालयात माझ्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं, दुरुस्तीसाठी तीन फेऱ्या झाल्या, आणि चौथ्या फेरीला कळलं की अर्जच पुढे गेलेला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: दहावीचं गुणपत्रक समोर ठेवा आणि बाकीच्या प्रत्येक कागदावरचं नाव त्याच्याशी अक्षर अक्षर ताडून बघा. आधार दुरुस्त करणं सोपं, तिथून सुरुवात करा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि नवीनच नाव चालवायचं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. डिजिलॉकर आणि एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यातलं नावही जुळलेलं हवं.

दुसरी गोष्ट स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना ते लागतं. केटीएचएम कॉलेजमध्ये बीएस्सी करून आरोग्य विज्ञान विद्यापीठात जायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन हवं. बीएएमएस करून पुण्याला किंवा टाटा संस्थेत जायचं असेल तर म्हसरूळच्या विद्यापीठाचं. गडचिरोलीच्या मुलाला ज्या इमारतीसाठी एक दिवस आणि एक रात्र प्रवास करावा लागतो, ती आपल्याला सिटी बसच्या अंतरावर आहे. तरीही आपलीच मुलं शेवटच्या आठवड्यात जातात, याचं मला वाईट वाटतं.

तिसरी आणि सर्वांत किचकट गोष्ट आरक्षणाची. राज्याच्या विद्यापीठांत राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता लागते. ती नसेल तर आजच जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. ओबीसी, एनटी यांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असं प्रमाणपत्र लागतं. ते प्रांत कार्यालयातून मिळतं आणि त्याआधी तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. साखळी उलटी मोजा म्हणजे वेळ कळेल.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांची मुलं मला हमखास विचारतात की आमचं उत्पन्न आठ लाखांवर जातं, आम्हाला नॉन-क्रिमिलेअर कसं मिळणार? केंद्राच्या निकषांत आठ लाखांच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. आईवडिलांचं सरकारी पद आणि बागायती जमिनीचं क्षेत्र मात्र वेगळं तपासतात. केंद्राच्या ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचं, उलट आहे. तिथे शेती, पगार, धंदा सगळं मिळून आठ लाखांच्या आत हवं, आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की घोळ झालाच.

टाटा संस्था, चंदीगड, जिपमर इथे केंद्राचं आरक्षण चालतं. म्हणून ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि जात केंद्राच्या यादीत हवी. आपल्याकडच्या अनेक भटक्या जमाती तिथे ओबीसीत येतात, पण यादीत नाव डोळ्यांनी बघा. मराठा समाजासाठीचं राज्याचं २०२४ चं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. कुणबी नोंद नसलेल्या मराठा उमेदवाराने तिथे अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा.

आणि दाखल्याचं वर्ष बघा. ईडब्ल्यूएस, नॉन-क्रिमिलेअर यांची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. फॉर्म जानेवारीत भरला आणि प्रवेश जुलैत असेल तर मधे आर्थिक वर्ष बदललेलं असतं. एप्रिल लागला की नव्याने अर्ज करा. सेतूत किंवा आपले सरकारवर अर्ज केल्यावर मिळणारी पावती जपून ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि उशीर झाला तर अपील करता येतं. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, कोणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितलं तर शांतपणे हे सांगा.

हेतुपत्र

काही संस्था 'तुम्हाला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' यावर एक-दोन पानं मागतात. नसली मागितली तरी मुलाखतीत हाच प्रश्न येतो. मागच्या वर्षी सुरगाण्याकडची एक नर्स मुलगी माझ्याकडे आली. तिने लिहिलं होतं, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे." मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, तू रोज काय करतेस ते सांग. ती बोलायला लागली. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला पट्टी लावायची, ११.५ सेंटिमीटरच्या आत आली तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. एका मुलाचा दंड ११.२ भरला. दिवाळीनंतर घरचे द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेले आणि मूल गावच्या यादीतून गळालं. दिंडोरीच्या अंगणवाडीच्या यादीत ते आलंच नाही. तीन महिन्यांनी परत आलं तेव्हा पट्टी आणखी आत सरकली होती. "ताई, ते मूल मधे कोणाचं होतं?" असं तिने मला विचारलं.

मी म्हटलं, हेच लिही. याच शब्दांत. स्थलांतरित मुलाची नोंद दोन तालुक्यांच्या मधे कशी हरवते, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो तुझ्याकडे आधीच आहे. तिला प्रवेश मिळाला.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. मालेगावात २०२२ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा तुम्ही लसीकरणाच्या फेरीत असाल, किंवा येत्या सिंहस्थात लाखो माणसांच्या पाण्याचं आणि शौचालयांचं काय होणार याची काळजी वाटत असेल. पाहिलेलं एकच लिहा, पण नीट लिहा. शिफारसपत्रही अशाच माणसाकडून घ्या ज्याने तुमचं काम पाहिलंय. मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसाच्या पत्रापेक्षा तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं नेमकं पत्र वजनदार ठरतं. त्यांना किमान तीन आठवडे आधी सांगा.

परीक्षेबद्दल थोडंच. सीयूईटी पीजीला ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. पेपर कोणता निवडायचा ते संस्थेच्या पुस्तिकेतूनच घ्या, कारण चुकीचा पेपर दिला तर गुण कितीही असोत, उपयोग नाही.

प्रवेश मिळाल्यावर

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आपल्या राज्यातल्या संस्थांसाठी अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा.

दोन ठिकाणी नंबर लागला आणि पहिल्या ठिकाणी फी भरून झाली असेल तर घाबरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत मिळते, फक्त थोडं प्रक्रिया शुल्क कापतात. त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही मिळत नाही. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मूळ कागदपत्रं तपासून तिथेच परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, असंही त्याच अधिसूचनेत आहे. कोणी मूळ गुणपत्रकं जमा करा म्हणालं तर तिचा उल्लेख करा आणि स्वतःची सही केलेल्या छायाप्रती द्या.