'एलियन'मधील प्राण्याच्या उगमाचा वाद : पार्श्वभूमी

चित्रपटातील राक्षसाला जन्मकथा देणे ही नवी गोष्ट नाही. जपानमध्ये १९५४ साली गॉडझिलाचा संबंध हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांशी जोडला गेला आणि त्यामुळे त्याची दहशत तसूभरही कमी झाली नाही. माणसांच्या शरीरात वाढून त्यांचा जीव घेणाऱ्या परग्रही प्राण्यावरच्या 'एलियन' या हॉलिवूडच्या चित्रपटमालिकेत मात्र हा प्रश्न चिघळला, कारण उगम न सांगणे हा तिथे मूळ रचनेचाच भाग होता.

१९७९ च्या पहिल्या चित्रपटात नोस्ट्रोमो जहाजावरील माणसे एका परक्या, निकामी यानात शिरतात, तेव्हा त्यांना आसनाशी एकजीव झालेला अवाढव्य चालक दिसतो. तो केव्हाच मरून अश्मीभूत झाल्याचे पात्रांच्या तोंडीच येते, त्याच्या बरगड्या आतून बाहेर वळलेल्या असतात (प्राणी छाती फोडून बाहेर पडल्याची ही खूण), आणि एवढ्यावरच तो विषय सोडून दिला जातो. खर्चापायी हा सेटच वगळण्याचा विचार झाला होता; तो टिकला म्हणून प्रेक्षकांना पुढची तेहतीस वर्षे तर्क लढवता आले. १९८६ च्या दुसऱ्या भागात या प्राण्यांची अंडी घालणारी राणी आली. पण तिने पुनरुत्पादनाचे कोडे सोडवले, उगमाला हात लावला नाही.

२०१२ च्या 'प्रोमिथियस' या पूर्वकथेने तो लावला. चालकाचा सांगाडा हा प्रत्यक्षात पोशाख ठरला, आत माणसासारखाच देह निघाला आणि सोबत सजीवांचे रूप पालटणाऱ्या काळ्या द्रवाची भर पडली. तरीही प्राणी कुणी घडवला, हे संदिग्धच होते.

खरा वाद २०१७ च्या 'एलियन : कॉव्हेनन्ट'मधील एका निर्णयाचा आहे. त्यात डेव्हिड हा यंत्रमानव त्या काळ्या द्रवावर प्रयोग करून प्राणी घडवताना दिसतो. समर्थकांच्या मते चालकाच्या वंशातील परग्रहवासीयांनी माणूस, माणसाने यंत्र आणि यंत्राने संहारक घडवावा, ही साखळी त्यामुळे पूर्ण होते. शिवाय तो चालक कोण, हे पहिल्या चित्रपटानंतरच्या भागांनी विचारलेच नव्हते, ही दिग्दर्शक रिडली स्कॉट यांची तक्रारही खोटी नव्हती. परंतु मालिकेच्या कालगणनेनुसार ही कथा २१०४ मधील आणि नोस्ट्रोमोची २१२२ मधील आहे. अठरा वर्षांत चालक अश्मीभूत कसा झाला? 'प्रोमिथियस'मधील भिंतीवरच्या शिल्पात त्याच प्राण्याशी मिळताजुळता आकार आधीच दिसतो, त्याचे काय? डेव्हिडने जुन्याच जीवाची नक्कल केली, असा बचाव केला जातो, आणि तो मान्य केला तर उगमाचा खुलासा मुळात झालाच नाही, असे म्हणावे लागते. विसंगतीपेक्षाही मोठे नुकसान आकारमानाचे झाले. माणसाचे अस्तित्वच ज्याच्या खिजगणतीत नव्हते, तो प्राणी अखेर माणसाने बनवलेल्या यंत्राची निर्मिती ठरला.

२०२४ च्या 'एलियन : रोम्युलस'ने काळा द्रव कायम ठेवला, परंतु भीती पुन्हा अंतराळस्थानकाच्या अरुंद वाटांमध्ये आणली. डेव्हिड त्यात नाही. 'कॉव्हेनन्ट'च्या शेवटी दोन हजार निद्रिस्त वसाहतकऱ्यांच्या जहाजावर प्राण्याचे दोन भ्रूण घेऊन निघालेल्या डेव्हिडचे पुढे काय झाले, हे कुठल्याही चित्रपटाने अद्याप दाखवलेले नाही.