दुसऱ्या कंपनीचं विमान आलं, म्हणजे फसवणूक?

सुट्टीच्या हंगामात तिकिटावर एक कंपनी आणि विमानावर दुसरीच दिसली की ‘कंपनी बुडाली, जुनं विमान गळ्यात मारलं’ अशी हाकाटी होते. हा गैरसमज आहे. सहलींची मागणी ऋतूनुसार हलते आणि उभं विमान म्हणजे निव्वळ खर्च. म्हणूनच युरोपातल्या टुई या पर्यटन समूहाची बोइंग ७३७ विमानं हिवाळ्यात कॅनडाच्या सनविंग या विमान कंपनीकडे जायची, तर उन्हाळ्यात सनविंगची युरोपात यायची. विमान भाड्याने घेण्याचा करार ‘वेट लीज’ प्रकारचा असेल तर विमानासोबत वैमानिक, केबिन कर्मचारी, देखभाल, विमा सगळंच येतं. उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारीही विमान पुरवणाऱ्या परवानाधारक कंपनीचीच राहते. थोड्या आठवड्यांसाठी विमानावरचा रंग आणि नाव बदलणं परवडत नाही, इतकंच. युरोपीय संघात मात्र २००५ च्या नियमानुसार प्रत्यक्ष उड्डाण कोणती कंपनी करणार, हे प्रवाशाला सांगावंच लागतं. तो तपशील हक्काने मागा.