रानकोंबड्याच्या दोन बोटं पुढे

आमच्या आजोळी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, एक ठासणीची बंदूक होती. आजोबा गेले, बंदूकही गेली. राहिल्या त्या फुकट गेलेल्या बारांच्या गोष्टी. रानकोंबडा झुडपातून फडफडत उठला, आजोबांनी बरोब्बर त्याच्यावर नेम धरला, बार उडाला आणि कोंबडा पलीकडच्या काजूंत दिसेनासा झाला. घरी आल्यावर निदान ठरलेलं: "कोणें तरी बंदूक बांदल्या." म्हणजे कुणीतरी मंत्र घालून बंदूक 'बांधली', निकामी केली. मग राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, गाऱ्हाणं, नारळ वगैरे.

परवा भाचीबरोबर ट्रॅप नेमबाजी, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या छर्र्यांच्या बंदुकीने फोडायचा खेळ, पाहत होतो. ती म्हणाली, "मामा, हे लोक तबकडीवर बंदूक क्षणभरही थांबवत का नाहीत?" तेव्हा आजोबा आठवले. त्यांचं चुकत होतं ते 'बरोब्बर त्याच्यावर' इथेच.

(1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानकोंबडा मारणं हा गुन्हा आहे. तेव्हा खालचं गणित 11 सेंटिमीटर रुंदीच्या तबकडीसाठी वाचावं, कोंबडा उदाहरणापुरता.)

समजा, कोंबडा 30 मीटरवरून आडवा चाललाय, सेकंदाला 15 मीटर वेगाने. काडतुसातले छर्रे नळीतून सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगाने सुटतात, पण इतक्या बारीक गोळ्यांना हवा झटकन रोखते. सरासरी 300 धरू. म्हणजे पोचायला 0.1 सेकंद. तेवढ्यात कोंबडा दीड मीटर पुढे गेलेला असतो. छर्रे त्या अंतरावर साधारण मीटरभर रुंदीत पसरतात, म्हणून सगळा बार शेपटीमागच्या हवेत. गोव्यात हे समजावणं सोपं आहे: फुटबॉलमध्ये धावत्या विंगरला पास देताना चेंडू त्याच्या पायात मारतो का आपण?

आता माझा आवडता भाग. पक्ष्याचा वेग v, छर्र्यांचा u, अंतर d. छर्र्यांना लागणारा वेळ d/u, तेवढ्यात पक्षी सरकतो vd/u. पण नेमबाजाला मीटर दिसत नाहीत, कोन दिसतो. म्हणून पुन्हा d ने भागायचं. आणि d चक्क उडून जातो! उरतं फक्त v/u. आपल्या कोंबड्यासाठी 15/300, म्हणजे 0.05 रेडियन, जेमतेम 3 अंश. हात ताणून दोन बोटं शेजारी धरलीत तर साधारण तेवढी रुंदी. पक्षी 20 मीटरवर असो की 40 वर, दोन बोटंच. (छर्रे दूरवर मंदावतात, म्हणून तिकडे किंचित जास्त. आणि पक्षी सरळ आपल्यापासून लांब जात असेल तर बोटांची गरजच नाही.) पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा कुठेतरी चुकलोय असं वाटून मी दोनदा तपासलं होतं.

एवढ्याने भागत नाही. 'आता' असं डोळ्याने ठरवल्यापासून बोटाने चाप ओढेपर्यंत अंदाजे 0.2 सेकंद जातात. तेवढ्यात कोंबडा आणखी 3 मीटर. नेम धरून बंदूक थांबवलीत तर हे 3 आणि आधीचे दीड, एकूण साडेचार मीटरची चूक. पण नळी पक्ष्याच्याच कोनीय वेगाने फिरत राहिली तर त्या 0.2 सेकंदात तीही तेवढीच पुढे जाते आणि मेंदूची दिरंगाई हिशेबातून बाद होते. राहतात ती दोन बोटं. म्हणून ते नेमबाज थांबत नाहीत. बार उडाल्यावरही हात फिरतच असतो. नेमबाजीच्या महागड्या चष्म्यांच्या जाहिराती काहीही म्हणोत, थांबलेल्या हातावर त्यांच्याकडे उपाय नाही.

बांधलेल्या बंदुकीला आणखी एक कारण असू शकतं. दोन्ही हातांच्या पंजांनी छोटी खिडकी करा, हात ताणून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा प्रबळ डोळा. बंदूक उजव्या खांद्यावर आणि प्रबळ डोळा डावा, अशी जोडी असेल आणि दोन्ही डोळे उघडे असतील, तर नळीचं टोक नकळत डाव्या डोळ्याच्या रेषेत येतं. डोळ्यांमधलं अंतर 6 सेंटिमीटर, टोक डोळ्यापासून 90 सेंटिमीटरवर. समरूप त्रिकोण मांडा, 30 मीटरवर बार जवळजवळ 2 मीटर डावीकडे जातो.

आईला विचारलं. ती म्हणाली, सुईत दोरा ओवताना आजोबा उजवा डोळा मिटायचे.